रोगाला नाव देणे आणि रोग्याला नावे ठेवणे

मराठीत 'नाव देणे' ही एक गोष्ट आहे आणि 'नावे ठेवणे' ही अगदी वेगळी. पहिल्याने ओळख होते, दुसऱ्याने अब्रू जाते. इतर बहुतेक आजारांत या दोहोंची गल्लत होत नाही. मधुमेह झाला म्हणून कोणी कोणाला नावे ठेवीत नाही. उलट चहा बिनसाखरेचा करून देतात. मनाच्या आजाराचे मात्र तसे नाही. दवाखान्यात डॉक्टरने रोगाला दिलेले नाव एस. टी.तून गावी येईपर्यंत रोग्याला ठेवलेले नाव होऊन बसते. हा प्रवास मी रोज पाहतो, म्हणून या अंकासाठी याच विषयावर लिहावे असे वाटले.

मनोविकार विभागाच्या बाहेरच्या टेबलाशी बसून रुग्णाची व त्याच्या घरच्यांची हकिगत लिहून घेणे, गरज पडली तर त्यांच्या घरी जाऊन येणे आणि ते सारे डॉक्टरांपुढे मांडणे हा माझा व्यवसाय. मराठीत त्याला 'मनोविकार समाजकार्य' असे भारदस्त नाव आहे. आमच्या गल्लीत मात्र 'पोरगं वेड्यांच्या दवाखान्यात कारकून आहे' असे सांगतात. असो. सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे अशा दोन्ही बाजूंना मी हे काम केले आहे. ज्या माणसाला कागलच्या बाजूला शिकून निपाणीत झोपायला जायचे असते, त्याला राज्याची हद्द ओलांडण्याचे अप्रूप राहत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे. मनोविकार प्रथम ओळखतो तो डॉक्टर नव्हे. तो ओळखते घर. पण घर ते आपल्या शब्दांत ओळखते. ते शब्द नीट ऐकून, त्यांची मोडतोड न करता, दवाखान्याच्या शब्दांपर्यंत नेऊन पोचविणारा माणूस मध्ये हवा. आमच्या भागात तोच नाही, आणि म्हणून रोग ओळखूनही हरवतो.

रक्त काढून नळीत घातले तर मलेरिया दिसतो, कावीळ दिसते. खिन्नतेचा किंवा छिन्नमनस्कतेचा असा कोणताही थेंब नाही. रक्ततपासणी करावी लागते, पण ती मुख्यतः दुसरे काही नाही ना हे पाहण्यासाठी. थायरॉईडची ग्रंथी मंदावली, रक्त कमी झाले, ब-१२ जीवनसत्त्व उणे पडले तरी माणूस सुस्त, विसराळू, चिडका होतो. हे सारे बाजूला काढल्यावर जे उरते ते हकिगतीतून शोधायचे. केव्हा सुरू झाले? एकदम की हळूहळू? त्याआधी माणूस कसा होता? झोप, भूक, काम यांत काय फरक पडला? पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आले? हकिगत चुकली की निदान चुकले.

आणि हकिगत असते भाषेत. जगातल्या मोठ्या डॉक्टरांनाही हे जड गेले आहे. न्यूयॉर्क आणि लंडन येथील मनोविकारतज्ज्ञांची तुलना करणारा एक प्रसिद्ध अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. दोन्हीकडची भाषा इंग्रजीच. तरी सारख्याच लक्षणांच्या रुग्णांना न्यूयॉर्ककडचे डॉक्टर कितीतरी अधिक वेळा छिन्नमनस्क ठरवीत, तर लंडनकडचे त्यांतल्या अनेकांत मनोदशेचा विकार पाहत. अशा गोंधळामुळेच पुढे १९८० साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी प्रत्येक विकाराची लक्षणे, त्यांची संख्या आणि मुदत ठरवून देणारी नियमावली काढली. आज आपल्याकडे जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाचा आधार घेतला जातो. त्याची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. एकाच भाषेच्या दोन शहरांत ही गत, तर जिथे एकाच घरात सासूची भाषा एक आणि सुनेची दुसरी, तिथे काय होत असेल?

आपल्याच भागातले दोन शब्द घ्या. 'बेजार' हा शब्द मराठीत आहे, कानडीतही आहे. मराठी बाई 'पोरांनी बेजार केलंय' म्हणते तेव्हा ती त्रासलेली, दमलेली असते. कानडी बाई 'बेजार' म्हणते तेव्हा तिला वाईट वाटत असते, मन उदास असते, कशातच रस उरलेला नसतो. दुसरा शब्द 'संकट'. कानडी बाई पोटावर किंवा छातीवर हात ठेवून 'संकट आगतैति अक्का' म्हणते. म्हणजे तिच्या आत कालवाकालव होते आहे, जीव तळमळतो आहे. समोरचा लिहून घेणारा मराठी असला तर विचारतो, 'कसलं संकट? पैशाचं का?' बाई गोंधळते, 'नाही' म्हणते. कागदावर येते : काही अडचण नाही. शब्द अगदी वेगळे असते तर त्याने दुभाष्या तरी शोधला असता. सारखे दिसतात म्हणून तो फसतो.

मराठीतही काही कमी अडचण नाही. गेल्या दोन आठवड्यांत काय वाटले हे विचारणारी नऊ प्रश्नांची एक छोटी यादी जगभर वापरतात. तिची मराठी व कानडी रूपेही आहेत. यादी चांगली आहे, मी स्वतः वापरतो. पण त्यातला 'उदास' हा शब्द आमच्याकडे गाण्यात असतो, घरात नसतो. वखारीतली बाई कधी 'मी उदास आहे' म्हणत नाही. ती म्हणते, 'कशात जीव लागंना', 'डोस्कं जड झालंय', 'हातापायातलं बळ गेल्यागत वाटतंय', 'उरात धडधडतंय'. ती मनाचे दुखणे अंगाने सांगते. तिला वेदनाशामक गोळी आणि शक्तीचे इंजेक्शन मिळते, आणि चार दिवसांनी ती पुन्हा येते. यात डॉक्टरचा दोष काढण्यात अर्थ नाही. रांगेत साठ माणसे असतील तर साठाव्या बाईच्या 'जीव लागंना'चा अर्थ लावायला त्याच्याकडे वेळ कुठला?

बरे, उलट बाजूही पाहिली पाहिजे. निपाणीत तंबाखू आहे. वखारीत तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते. घरी विड्या वळणाऱ्या बाईच्या मांडीवर सूप असते आणि अंगभर तो वास. मळमळ, चक्कर, डोकेदुखी, झोप उडणे ही तंबाखूच्या विषाचीही लक्षणे आहेत. शिवाय अनेकींना मिश्रीची सवय. ती सोडली की चिडचिड, बेचैनी. म्हणून मी नेहमी एक साधा प्रश्न विचारतो : 'काम बंद असतं त्या दिवशी कसं वाटतं?' दोन दिवस माहेरी गेल्यावर उतार पडत असेल तर आधी तंबाखूचा विचार करायचा. (उतार माहेरामुळे पडला की तंबाखू नव्हती म्हणून, हा आणखी एक प्रश्न! त्यासाठीच घरी जावे लागते.) या गावाने १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी रस्ता अडवला, गोळीबार सोसला, माणसे गमावली. वखारीतल्या बायकांनी संघटना करून मजुरी वाढवून घेतली. भाव आणि मजुरी मोजायला आम्ही शिकलो. गेलेली झोप मोजायला अजून शिकलेलो नाही.

आता जे चुकीच्या नावाने ओळखले जाते त्याबद्दल. दोन प्रकार मला फार अस्वस्थ करतात. एक म्हणजे रोज पिणारा माणूस पाय मोडून दवाखान्यात येतो. दारू बंद होते. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री तो थरथरू लागतो, भिंतीवर किडे दिसतात, साप दिसतात, आपण कुठे आहोत हे त्याला कळत नाही. नातेवाईक म्हणतात लागीर झाले, दवाखान्याची जागाच वाईट. रातोरात त्याला उचलून देवऋष्याकडे नेतात. हा दारू तुटल्याचा वात आहे, आणि त्यात माणूस दगावू शकतो. शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही हे ठाऊक असायला हवे. एक खूण लक्षात ठेवावी. काल-परवापर्यंत ठीक असलेला माणूस एकाएकी बरळू लागला, कधी शुद्धीवर तर कधी नाही असे झाले, तर आधी शरीर तपासायचे. ताप, मेंदूला मार, साखर, दारू असे काहीतरी निघते.

दुसरा प्रकार बाळंतिणीचा. प्रसूतीनंतर दोन आठवड्यांच्या आत, क्वचित कोणाला, तीव्र मनोविकार होतो. झोप उडते, बोलणे असंबद्ध होते, बाळाविषयी भलत्याच शंका येतात. साधारण हजार प्रसूतींत एक-दोन. आपल्या आजीबाईंच्या भाषेत याला 'बाळंतवात' म्हणत. हा शब्द मला आवडतो. त्यात वेळ बरोबर सांगितली आहे आणि बाईला दोष दिलेला नाही. घरातले सगळेच शब्द अडाणी नसतात. गोंधळ होतो तो 'बाळंतवात' सुटून 'बाहेरचं बाधलंय' आले की. त्या क्षणापासून उपचार थांबतो आणि बंदोबस्त सुरू होतो. वास्तविक ही तातडीने दवाखान्यात नेण्याची बाब आहे. बाळाच्या आणि आईच्या जिवाला धोका असतो, आणि वेळेवर उपचार झाले तर बहुतेक बायका पूर्ण बऱ्या होतात.

अंगात येणे हा आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न. सौंदत्तीच्या यल्लम्माचा डोंगर काही दूर नाही. पौर्णिमेला हलगी वाजली की अंगात येणारी बाई रोगी आहे काय? माझे उत्तर : नाही. आणि हे केवळ माझे मत नव्हे. वर उल्लेखिलेल्या जागतिक वर्गीकरणात तसे स्पष्ट आहे. जे समाजाच्या रूढ धार्मिक विधीचा भाग म्हणून घडते त्याला विकार म्हणायचे नाही. आपल्या इच्छेवाचून, वेळीअवेळी, शेतात, चुलीपुढे अंगात येऊ लागले, त्याचा त्या बाईलाच त्रास होऊ लागला, कामधंदा बुडू लागला, तर तिथे पाहायला हवे. जटेचेही तसेच. केस विंचरले-धुतले नाहीत की गुंततात आणि जट होते. त्यात देवीचे बोलावणे नाही आणि वेडही नाही. पण एखाद्या बाईने विंचरणे का सोडले हे विचारण्यासारखे असते. मूल गेल्यानंतर सोडले काय? आजारपणात उठवत नव्हते काय? जट कापणारे कार्यकर्ते या भागात चांगले काम करीत आले आहेत. माझी एवढीच विनंती असते की कात्री लावण्यापूर्वी तो प्रश्न विचारावा. जटेच्या नावाने कैक मुली देवीला सोडल्या गेल्या. कर्नाटकाने १९८२ साली त्याविरुद्ध कायदा केला, हे आमच्या विद्यार्थ्यांनी विसरू नये.

जे घरालाही दिसत नाही ते राहिलेच. आरडाओरडा करणारा, कपडे फाडणारा मुलगा तिसऱ्या दिवशी दवाखान्यात येतो. पण 'गुणाची पोर हो, तोंड वर करून बोलत नाही, कुठं जात नाही, येत नाही' असे जिचे कौतुक होते, ती वर्ष-वर्ष कोपऱ्यात बसून असते. तिने बोलणे सोडले, मैत्रिणी सोडल्या, आंघोळ सोडली, तरी कोणाची तक्रार नाही, कारण कोणाला त्रास नाही. आपल्याकडे रोग ओळखतात तो शेजाऱ्यांना होणाऱ्या त्रासावरून.

रोगाला दिलेले नाव शस्त्र कसे होते, तेही सांगतो. हिंदू विवाह कायद्यात मनोविकार हे घटस्फोटाचे एक कारण आहे. नको झालेल्या बायकोला दवाखान्यात आणून 'हिला काय ते नाव लिहून द्या' म्हणणारे नवरे प्रत्येक मनोविकार विभागाने पाहिले आहेत. जमिनीच्या वाटणीत भावाला वेडा ठरवू पाहणारे भाऊही. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका खटल्यात निर्वाळा दिला की, छिन्नमनस्कता असे नुसते नाव दाखवून भागत नाही. विकार किती तीव्र आहे, एकत्र संसार करणे खरोखरच अशक्य आहे काय, हे सिद्ध करावे लागेल. पतीची मागणी फेटाळली गेली. २०१७ चा मानसिक आरोग्य देखभाल कायदा याहून पुढे जातो. माणसाची जात, धर्म, आर्थिक-सामाजिक स्थिती यांवरून, किंवा तो समाजाच्या रूढ नीतिकल्पनांप्रमाणे वागत नाही एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. पूर्वी उपचार घेतले होते एवढ्यावरूनही नाही. प्रेमविवाहाचा हट्ट धरलेल्या मुलीला 'डोकं फिरलंय' म्हणून घेऊन येणाऱ्या वडीलमंडळींना मी हे वाचून दाखवतो. ते माझ्यावर नाराज होतात.

आमच्या व्यवसायात सध्या एक वाद आहे. अमेरिकेत बहुतेक राज्यांत परवाना असलेल्या क्लिनिकल समाजकार्यकर्त्याला स्वतः निदान करता येते. मग आपल्याकडे तो अधिकार का नसावा, असे तरुण सहकारी विचारतात. आपल्या कायद्याने मनोविकार समाजकार्यकर्त्याची व्याख्या केली आहे. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आणि त्यावर दोन वर्षांचे एम. फिल. शिक्षण कमी नाही. तरीही माझे मत त्यांच्याविरुद्ध आहे. नाव देण्याचा अधिकार मागण्यापूर्वी आपण ऐकण्याचा वेळ मागावा. एका हकिगतीला पाऊण तास, आणि आठवड्यातून एक दिवस घरभेटींसाठी. हे आज कागदावर आहे, प्रत्यक्षात नाही. तो वेळ मिळाला तर निदान कोणाच्या सहीने होते याला फारसे महत्त्व उरत नाही. आणि नाही मिळाला, तर रबरी शिक्का मारणारा आणखी एक माणूस तेवढा वाढेल.

१९८० च्या दशकात बळ्ळारी जिल्ह्यात बेंगळूरच्या निम्हान्स संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांना व कार्यकर्त्यांना शिकवून गावातच मनोविकारावर उपचार करता येतात हे दाखविले. त्यावरूनच १९९६ पासून देशभरचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला. आपल्या राज्याला हा मान आहे. २०१४ साली कर्नाटकाने तालुक्याच्या दवाखान्यांत मंगळवारी मनोविकारतज्ज्ञ पाठवण्याची 'मनोचैतन्य' योजनाही काढली. तज्ज्ञ मंगळवारी येईल. पण सोमवारी, बुधवारी त्या घरात जाऊन दोन्ही भाषांत बोलणारे कोण आहे? माझी मागणी अवघड नाही. सीमाभागातील प्रत्येक तालुका रुग्णालयात मराठी आणि कानडी दोन्ही घरची असल्यासारखी बोलणारा एक मनोविकार समाजकार्यकर्ता असावा. भाषेचा प्रश्न आम्ही इतकी वर्षे पाट्यांवरून भांडलो. तो खाटेवरच्या माणसासाठी कोणी मांडला नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात शंभर प्रौढांत सुमारे दहा-अकरा जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे आढळले, आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. त्या पाहणीसाठी बारा राज्ये निवडली होती. त्यांत कर्नाटकही नव्हते आणि महाराष्ट्रही नव्हता! सीमेच्या दोन्ही अंगांनी आम्ही मोजणीबाहेरच.

विद्यार्थी मित्रांना एक टोचणारे बोलायचे आहे. परीक्षेत गुण कमी पडले की 'मला डिप्रेशन आलंय', मैत्रीण नीटनेटकी असली की 'ती ओसीडी आहे', कालच्यापेक्षा आज वेगळे बोलली की 'बायपोलर'. हेही नावे ठेवणेच आहे, फक्त इंग्रजीतून. वाईट वाटणे हा रोग नव्हे. आई गेल्यावर महिनाभर रडणारा मुलगा रोगी नसतो. दोन आठवडे सतत, रोज, बहुतेक वेळ मन खचलेले, कशातच गोडी नाही, झोप-भूक-शक्ती गेलेली, आपण कुचकामी आहोत असे वाटणे आणि नेहमीचे काम न होणे, असे सगळे जुळून आले म्हणजे तज्ज्ञाकडे जाण्याची वेळ झाली. तोवर तुम्ही नाव देऊ नका. जे दिसते ते सांगा. 'त्याला डिप्रेशन आहे' यापेक्षा 'तीन आठवडे तो मेसमध्ये आला नाही आणि रात्री दिवा जळत असतो' हे मला हजारपटीने उपयोगी पडते.

आणि एक भीती काढून टाका. 'जीव नकोसा वाटतो का? जिवाचं काही करावं असं मनात येतं का?' हे सरळ विचारल्याने कोणाच्या डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. उलट बहुतेकांना हलके वाटते. उत्तर 'हो' आले तर त्या माणसाला एकटे सोडायचे नाही, घरातले शेतीचे औषध उचलून दुसरीकडे ठेवायचे, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सरकारी 'टेली-मानस' सेवा मिळते.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत खेड्यातल्या घरांची पाहणी करताना आपण एक छापील कागद नेतो. त्यावर एक प्रश्न हमखास असतो : 'घरात कोणी मनोरुग्ण आहे काय?' उत्तर हमखास 'नाही' येते. दारात उभ्या असलेल्या अनोळखी पोरांना 'हो' कोण सांगणार? तो प्रश्न काढून टाकावा, आणि त्याऐवजी हे विचारावेत असे मी सुचवतो. घरात कोणाची झोप गेली आहे काय? पूर्वी कामाला जाणारे कोणी आता घरातच बसून असते काय? इतरांना ऐकू येत नाही असे कोणाला ऐकू येते काय? बाळंतपणानंतर, मरणानंतर, कर्जानंतर कोणी बदलले आहे काय? कोणासाठी देवऋष्याकडे, मठात, दर्ग्यात जाऊन आलात काय, आणि काय फरक पडला? शेवटचा प्रश्न हसून, आदराने विचारायचा. तिथेच खरी हकिगत सुरू होते. उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहायची, शुद्ध करायची नाहीत. 'बेजार' म्हटले तर 'बेजार' लिहायचे, आणि कंसात एवढेच : मराठीतून की कानडीतून. कागद दोन्ही भाषांत छापलेला असावा. कानडी मजकूर आपल्याच मासिकाच्या कानडी विभागाने करून द्यावा, अशी विनंती मी संपादकांकडे केली आहे.